शर्यतीच्या मैदानावर हाफ क्लच

सत्तेचाळिशीतल्या बाईनं काय विकत घ्यावं, याची आमच्या गावात एक न लिहिलेली यादी आहे. पाटल्या, पैठणी, घरगुती पिठाची गिरणी आणि फारच हौस असेल तर गुडघ्याचा पट्टा. मी लाल रंगाची, दोन सीटांची, रस्त्याला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार घेतली. सांगलीत माझा दातांचा दवाखाना आहे, वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून खाल्लेली भाकरी आहे, नवऱ्याला सोडूनही दहा वर्षं झाली. मग विचारायचं कुणाला? तरी विचारलं नाही म्हणून रुसायला माणसं बरीच निघाली.

गाडीत एकच गोम होती. तिचे गिअर हातानं टाकावे लागत. विकून टाकलेली आधीची गाडी बारा वर्षं आपले गिअर आपणच टाकायची, मी नुसती बसायचे. लायसन्स होतं, नाही असं नाही. पण ज्या ड्रायव्हिंग स्कूलनं ते मिळवून दिलं, तिथल्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असायचे आणि मास्तर त्यांच्यावरून पाय काढायचे नाहीत. माझ्याकडं स्टेअरिंग आणि हॉर्न, एवढाच कारभार. शोरूममधले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, या गाडीचा खरा आनंद मॅन्युअलमध्येच." मी जाणकारासारखी मान हलवली. काही न कळता मान हलवणं मी माझ्या पेशंटांकडून शिकले आहे.

नवी गाडी आधी माहेरी न्यायची, आईच्या हातची पूजा घ्यायची, चारी चाकांपुढं लिंबं ठेवायची आणि ज्याची गाडी त्यानंच ती चिरडून पुढं जायचं, ही आमच्याकडची पद्धत. त्यामुळं शोरूमच्या ड्रायव्हरनं गाडी थेट वाईजवळच्या आमच्या गावी आणली, अंगणात लावली आणि चहा पिऊन तो एस.टी.नं परत गेला. तो गेला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

अण्णा ओसरीवर खुर्चीत बसून होते. अण्णा म्हणजे माझे वडील. चोवीस वर्षं फौजेत ड्रायव्हर, त्यातली शेवटची आठ वर्षं नव्या जवानांना ट्रक शिकवायला. रिटायर झाल्यावर पाचगणीच्या एका शाळेची बस बारा वर्षं पसरणीच्या घाटातून वरखाली नेली. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी जीप गोठ्याच्या भिंतीवर घातली. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झालेत, असं सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवणं बंद, आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "मला सगळं दिसतंय. डावा जरा मंद हाय, येवढंच." त्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नाहीत. सांगलीला न्यायला मी चारदा आले, चारदा त्यांनी मला परत पाठवलं. दुसऱ्याच्या शेजारी डाव्या सीटवर पोत्यासारखं बसणं त्यांना मान्य नव्हतं. म्हातारा हट्टापायी आंधळा व्हायला निघाला होता आणि आम्ही घरातले सगळे दबक्या आवाजात बोलत होतो.

तर पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला हार, शेजारच्या काकूंसकट अख्खी आळी अंगणात. मी गॉगल लावून गाडीत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्लच सोडला, गाडीनं उचकी दिली आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा उचकी. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "धक्का द्याचा का गं?" चौथ्यांदा मी दात-ओठ खाऊन गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडी सुसाट मागं गेली. थेट कडब्याच्या गंजीत. लिंबं जिथल्या तिथं, पिवळीधमक, साजरी.

"देवाच्या लिंबाला पाठ दावली गं बाई गाडीनं!" आईनं पदर तोंडाला लावला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरंच वाकडं आहे, असं मी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. काकूंच्या मते आता गाडीवरून कोंबडं उतरवणं भाग होतं. मी घामाघूम होऊन क्लच दाबत, सोडत, पुन्हा दाबत राहिले. गाडी कडब्यात गुरगुरत होती आणि जळका वास सगळ्या अंगणात भरला.

त्या वासानं अण्णा उठले. आठ महिने ज्या माणसाला डॉक्टर, मुलगी, सैन्यातला मुलगा, सरपंच यांपैकी कुणीही खुर्चीतून हलवू शकलं नव्हतं, तो माणूस भिंतीला हात लावत तीन पायऱ्या उतरला. "क्लच जाळती व्हय गं? नव्या गाडीचा?" ते गाडीला चाचपत आले आणि डावं दार उघडून आत बसले. रागाच्या भरात कुठल्या सीटवर बसलोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मीही आणून दिलं नाही.

"काट्याकडं बगू नगंस. आवाज ऐक. सोड हळू... हितं. हितं इंजनाचा आवाज खाली बसला का न्हाई? हाच हाफ क्लच. पाय हितंच ठिव. आता रेस दे." एवढं मराठीत. मग त्यांच्या अंगात फौज आली आणि हुकूम हिंदीत सुटले. "छोड! आराम से! आराम से बोला ना!" गाडी कडब्यातून निघाली, चार लिंबं पचापच फुटली, आईनं हात जोडले. अण्णा खाली उतरले नाहीत. म्हणाले, "चल मैदानावर. आन माझ्या हाताखाली शिकलीस म्हनून कुटं सांगू नगंस."

मैदान म्हणजे गावाबाहेरचं बैलगाडा शर्यतीचं. तिथं जाईपर्यंत सात स्पीडब्रेकर लागतात, कारण आमच्या गावात सात पुढारी आहेत आणि प्रत्येकाच्या दारात एक. प्रत्येकावर गाडीचं पोट खरवडलं आणि प्रत्येक वेळी माझंही. मैदानाच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत, शर्यतींचे चार जुने जाणकार कायम बसलेले असतात. त्यांना माझ्या रूपानं मोसम नसताना करमणूक मिळाली. "ताई, लय दमली गाडी, पेंड चारा!" "आवं, जू ठेवा तिच्या खांद्यावर, आमची खिलारी देतो!" गाडी दर दहा हातांवर बंद पडत होती, त्यामुळं त्यांना विनोद सुचायला भरपूर वेळ मिळायचा.

तीन रविवार मी सांगलीहून बसनं येत होते. स्वतःची स्पोर्ट्स कार शिकायला एस.टी.त उभं राहून येणारी मी महाराष्ट्रातली एकटीच असेन. अण्णा तयार असायचे. इस्त्रीचा शर्ट, पायात फौजेतले बूट. मैदानावर ते समोर बघायचेच नाहीत. मान खाली, कान इंजिनाकडं, आणि मी चूक करायच्या आधी ओरडायचे. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा.

दुसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं. सकाळपासून सतरा वेळा "गाढवासारखी सोडतीस" ऐकून झालं होतं. मी हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "अण्णा, दादाला सोळाव्या वर्षी शिकवलीत. मी जीपच्या मागं मागं पळत होते, तर म्हणालात, तुला काय करायचंय, तुझा नवरा चालवील. चालवली त्यानं. चांगली चालवली! आता सोडते मी गाढवासारखी, ऐकून घ्या."

त्यांनी बुटाचं टोक पत्र्यावर आपटलं. मग म्हणाले, "तवा शिकिवलं असतं तर आज तुझं रडगाणं ऐकाय लागलं नसतं. घाल पैला." आमच्या घरात माफी मागायची ही सगळ्यात लांबची मजल आहे. मी पहिला घातला, आणि त्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी ते आपणहून म्हणाले, "आता घाट." माझ्या मनात लगेच हिशेब सुरू झाला. पसरणीचा घाट चढले की म्हातारा खूश होणार, खूश झाला की सांगलीचं नाव काढायचं, सरळ डॉक्टरांच्या दारात गाडी उभी करायची. डाव्या सीटवर बसायची सवय तर झालीच होती.

वाई सुटली आणि चढ लागला. आणि काय सांगू, अण्णांनी कमाल केली. "आता उजवं वळान, दुसरा टाक... आता सरळ हाय, तिसरा... म्होरं रस्ता आत वळतुया, दुसरा." एकेक वळण बरोबर. मी मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घातल्या. डावा जरा मंद आहे, एवढंच तर! या माणसाला माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं. गाडी सुरेख चढत होती, पहिल्यांदाच मला तिचा आनंद होत होता, आणि अण्णा गालातल्या गालात हसत होते.

"आता लांब सरळ हाय. मोकळा हाय रस्ता, तिसरा टाक आन दाब."

समोर पाच हातांवर एस.टी. उभी होती. तिच्यापुढं मुंबई-पुण्याच्या गाड्यांची वरपर्यंत रांग, सगळ्यांचे लाल दिवे लागलेले, सुट्टीचा दिवस, स्ट्रॉबेरीचा मोसम. मी दोन्ही पाय दाबले. गाडी थांबली.

"का थांबलीस?"

"कुत्रं आडवं आलं."

अण्णा ऐकत राहिले. मागून हॉर्न, पुढून हॉर्न, कुठंतरी ट्रक धापा टाकत होता. "आन ह्ये धा हॉर्न कुत्रंच वाजिवतंय व्हय?"

मी हँडब्रेक ओढला.

"आपल्या म्होरं काय हाय?"

"एस.टी."

"किती लांब?"

"पाच हात."

डॅशबोर्डवरचा हात त्यांनी मांडीवर घेतला. "म्हंजे मी तुला एस.टी.त घालीत हुतो."

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. आई कप त्यांच्या हातात नेऊन द्यायची आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती गुंडाळायची. भिंतीला लावलेला हात. मैदानावरची खाली घातलेली मान. वळणं त्यांना दिसत नव्हती, बारा वर्षांची पाठ होती. आणि मी डॉक्टरीण! दातातली राईएवढी कीड शोधणारी! तीन रविवार शेजारी बसून मला काही दिसलं नव्हतं, कारण म्हातारा माझ्यावर ओरडतोय हेच मला हवं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

रांग हलली. चढावर गाडी उचलायची होती, मागं बंपरला चिकटून दुधाचा टँकर. मी हुकमाची वाट पाहिली. हुकूम आला नाही. अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज खाली बसला तिथं पाय धरला, रेस दिली, हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागं न जाता चढली. पुढं तासभर तेच. थांब, धर, उचल. शेवटच्या वळणाच्या अलीकडं ते एवढंच म्हणाले, "त्या डाक्टरची येळ घे. उद्याची मिळती का बग."

"बरं," मी म्हणाले. त्यापलीकडं काही बोलले असते तर रडले असते, आणि घाटात रडत गिअर टाकायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचगणीत वर पोहोचलो. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि जत्रा जमली. लाल स्पोर्ट्स कार, आरशाला सुकलेला हार, बॉनेटवर पुसट स्वस्तिक. दोन पोरी गाडीला टेकून सेल्फी काढायला लागल्या, भेळवाला हात पुसत पुढं आला, एका गृहस्थानं ॲव्हरेज विचारलं. मी त्यांना हातानं बाजूला सारत डाव्या दाराशी गेले. सीट इतकी खाली की तिथून धडधाकट माणसालाही उठताना देव आठवतो. अण्णांनी एक बूट बाहेर काढला, जमीन चाचपली आणि तिथंच थांबले.

"कुनी बगतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

पंधरा-वीस माणसं आमच्याकडं तोंड करून उभी होती. दोघांचे मोबाइल वर धरलेले होते.

"कुणी नाही, अण्णा," मी म्हणाले.

मग त्यांनी हात पुढं केला.