घोंगडीतल्या गोळ्या

आज वॉर्डात एका आजोबांच्या घोंगडीचा लोकरी वास आला आणि हट्टा गावचे मेंढपाळ मारुतीआबा आठवले. तेव्हा मी नवा ब्रदर. सगळ्यांत झपाट्यानं गोळ्या वाटतो म्हणून छाती फुगवून फिरायचो. आबांचा बीपी मात्र उतरेना. डॉक्टर डोस दुप्पट करणार होते, आणि तो खरंच गिळला असता तर आबा कोसळलेच असते; तेवढ्यात मी त्यांची घोंगडी झटकली आणि गोळ्या टपटप पडल्या.

"आबा, काहून?"

"माझी मेंढी बी खंगून राहिली, पोरा. तिच्यासाठी ठिवल्या."

तेव्हापासून गोळी पोटात जाईपर्यंत मी खाटेपासून हलत नाही, आणि हा किस्सा वॉर्डभर सांगतो. आजच्या आजोबांनी गोळी गिळून आ केला. म्हणाले, "घोंगडी बी झटकू का?"