बारा पत्रिका आणि एक नाणं

दिवेआगरच्या शाळेत तेजस्वी विज्ञान शिकवते. क्रांती लहानपणी तिच्याच वर्गात शिकलेली, दहावीला विज्ञानात दोनदा नापास झालेली. आता क्रांती पत्रिका बघते. शनिवारी तिच्या पडवीसमोर मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. बाजारात लोक तेजस्वीला ओलांडून जातात आणि क्रांतीला वाकून नमस्कार करतात. भाजी निवडताना, पेपर तपासताना तेजस्वीच्या डोळ्यांपुढे तीच पडवी असायची.

त्यात एक दिवस कळलं की तिच्या सासूबाई, नीराबाई, चार महिने देवळाच्या नावाखाली तिकडेच जातायत.

त्याच संध्याकाळी तेजस्वीनं क्रांतीला भर गर्दीत गाठलं.

"ज्योतिष शास्त्र आहे म्हणतेस ना? मग परीक्षा दे. बारा पत्रिका देते, नावं नाहीत. काहींचे संसार टिकलेत, काहींचे मोडलेत. कुणाचे काय ते सांग."

माणसं बघत होती. क्रांती म्हणाली, "दे."

तेजस्वीनं म्हसळ्यापासून चौलपर्यंत फिरून जन्मवेळा जमवल्या. क्रांतीनं आठ दिवस घेतले. रविवारी वाचनालयात निकाल लागला. बारापैकी सात बरोबर. मग तेजस्वीनं ग्रंथपाल शिवदासकाकांना त्याच बारा पत्रिकांसाठी नाणं उडवायला लावलं. छापा पडला तर टिकला, काटा पडला तर मोडला. नाण्याचे आठ बरोबर आले.

"आता नाण्यालाच दक्षिणा द्या!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. क्रांती खाली मान घालून बसली होती.

बारा ही संख्या फार लहान आहे, नाण्याचे आठ हासुद्धा योगायोगच, हे तेजस्वीला ठाऊक होतं. मुलांना ती हेच शिकवायची. पण तेव्हा ती बोलली नाही. ते हसू तिला थांबवायचं नव्हतं.

माणसं पांगल्यावर क्रांती जवळ आली. "तेजू, सातातल्या तीन मी जन्मगावावरूनच ओळखल्या. त्या धरू नकोस. उरलेल्या नवात चारच आल्या."

तेजस्वी जिंकली होती, पुराव्यानिशी. तरी तिचा जळफळाट वाढलाच. खरं बोलायचा मानही हिनंच नेला.

घरी तिनं नीराबाईंना सगळं सांगितलं. "कळलं ना आई? शास्त्र नाहीये ते."

"व्हय, कळला. मना कुठं शास्त्र पायजे व्हता?"

"मग काय विचारता तिला?"

नीराबाई वाडीकडे बघत राहिल्या. वादळात सगळी झाडं आडवी झाल्यावर त्यांनी नवी सुपारी लावली होती. "हिला फळ येल तवा मी असन का, ता इचारते."

"सहा-सात वर्षांत सुपारी धरते आई. मला विचारायचंत."

"ता मना बी ठाव हाय," नीराबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

पुढचे दोन दिवस तेजस्वी संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसली. नीराबाई नारळ सोलत राहिल्या. भाताला आधण ठेवलंस का, एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी त्यांचा गुडघा धरला होता, तरी त्या लुगडं बदलून निघाल्या. तेजस्वीनं स्कूटर काढली आणि त्यांना पडवीपर्यंत सोडलं. क्रांतीनं हात देऊन त्यांना उतरवून घेतलं.

"तेजू, आत ये ना. चहा टाकते."

"नको, पेपर तपासायचेत," तेजस्वी म्हणाली.

घरी एकही पेपर नव्हता. ती समुद्राच्या रस्त्यानं लांबून फिरून गेली.