सामान गेलं, पिशवी राहिली

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे जेवढे किस्से साठतात तेवढे सर्जनकडे साठत नाहीत. साधं कारण आहे. सर्जनला पेशंट भेटतो तो झोपलेला आणि आम्हाला भेटतो तो घाबरलेला. टेबलावर आडवं झालं की भलीभली माणसं मनातलं काय ते आमच्याशी बोलून घेतात, आणि शुद्धीवर आली की सगळं विसरून सर्जनच्या पाया पडतात. सत्तर सालानंतरची काही वर्षं मी कलकत्त्याच्या एका हॉस्पिटलात हेच काम करत होते. तिथले किस्से सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही, म्हणून फक्त कुसुमताईंचा सांगते. आज हसत सांगते, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

* * *

कुसुमताई जन्मापासून कलकत्त्याच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत पोरांकडून पाढे घोकून घ्यायच्या. आमची पोरं मराठी बोलायची ती अर्धी बंगालीत, पण पाढा मात्र मराठीतच म्हणायची. ताईंचा नियम होता, पाढा अर्धा टाकून कुणी उठायचं नाही. अडलात तर बसून राहा, आठवेल तेव्हा पुरा करा आणि मग घरी जा. माझा धाकटा तिथे कितीदा जेवणवेळ टळेपर्यंत बसलाय.

ताई भयंकर जाड होत्या. साखर वाढली, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा बाईंनी भात सोडला, मिठाई सोडली आणि दोनेक वर्षांत निम्म्या झाल्या. मंडळात सगळ्यांनी कौतुक केलं. एक दिवस मला आत नेऊन त्यांनी पदर बाजूला केला. पोटाची कातडी रिकाम्या अभ्र्यासारखी मांड्यांपर्यंत लोंबत होती. घडीखाली जखमा. कलकत्त्याचा घाम, त्यात त्या जखमा काही केल्या भरेनात, आणि वास यायचा.

"सामान गेलं, पण पिशवी राहिली बघ," ताई म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. "स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते, सुधा. पोरींच्या वहीवर वाकायचं सोडलंय मी. असंच चाललं तर शाळा सोडावी लागेल."

* * *

मी त्यांना डॉ. भादुडींकडे नेलं. भादुडी भाजलेले हात आणि फाटलेले ओठ शिवण्यात तरबेज. सोबत ताईंचे यजमान नानाही होते. भादुडींनी कागदावर पोट काढून समजावलं. इथून इथवर कापणार, म्हणजे एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहणार, तो जन्मभर. बेंबी आपल्या जागीच राहील, वरची कातडी खाली ओढली की तिच्यात बेंबीसाठी नवीन भोक पाडायचं. शिवाय हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे, वजन तुम्ही उतरवलंय, मी फक्त उरलेलं आवरणार.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, आधी नुसती डावी बाजू करून बघितली तर?"

भादुडींनी चष्मा काढून पुसला. ताई मात्र माझ्याकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मला सुरीची भीती नाही. मला तुझी भीती वाटते."

त्यांच्या आईचं बराकपूरला ऑपरेशन झालं होतं. भूल दिली ती दिलीच. ताई तेव्हा नऊवारी नेसायला लागल्या होत्या, आणि आईच्या उशाशी बसून त्यांनी तिला किती हाका मारल्या होत्या ते त्यांनी मला जिन्यातच सांगितलं. "मी जागी होईन ना गं?"

मी कुणालाही वचन देत नाही, आमच्या धंद्यात देऊ नये. मी म्हटलं, "मी सारखी उशाशी असेन." त्यांना ते पुरलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही पुरलं नाही.

* * *

भादुडींनी सांगितलं होतं, वजन काही महिने एका जागी ठरू दे, मगच कापू. ताईंनी काय करावं? जेवणच निम्मं केलं. ठरल्या दिवशी तपासायला आल्या तर वजन आणखी उतरलेलं, डोळ्यांखाली काळं आणि रक्त पाण्यासारखं पातळ.

"अहो, हे काय?"

"कापायला कमी लागलं तर भूलही कमी द्यावी लागेल, असं वाटलं मला."

मोलकरीण यायच्या आधी भांडी घासून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, पण हा प्रकार नवीनच! मी चांगली खडसावली. अशक्त अंगावरचे टाके धरत नाहीत, जखम उसवते. डाळ, अंडी, मासे, जे चालेल ते खा. कलकत्त्यात जन्म जाऊनही ताई माशाला कधी शिवल्या नव्हत्या. अंड्याला मात्र तयार झाल्या, आणि ते नाना पाठ वळवून उकडायचे.

* * *

पुढच्या तपासणीत भादुडींनी विचारलं, "सिगारेट? जर्दा? पान?" ताई तिन्हींना नाही म्हणून मान हलवत होत्या. अभिमानानं.

मग मी त्यांचं तोंड उघडून बघितलं. दात हलतात का, नळी कशी जाईल, हे आम्हाला बघावंच लागतं. बघते तर हिरड्या काळ्या, आणि तो वास. माझ्या आजीच्या तोंडाचा वास!

"ताई, मशेरी लावता?"

"हो, दात घासायला. आईपासूनची सवय. तव्यावर घरीच भाजते मी."

"ती तंबाखूच आहे."

"छे गं, तंबाखू खातात. ही तर थुंकून टाकतात."

मी भादुडींना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. तंबाखूनं कातडीतल्या बारीक नसा आवळतात. एवढी मोठी कातडी सोडवून ओढायची आणि तिला रक्तच पोचलं नाही तर ती काळी पडून गळते. कलकत्त्यातला कुठला डॉक्टर मशेरीचं विचारणार होता? ऑपरेशन पुढे ढकललं, मशेरी बंद केली, आणि ताई दिवसभर बडीशेप चघळत सगळ्यांवर खेकसायला लागल्या.

* * *

शेवटी ॲडमिट झाल्या. मी खाटेवर बसून सगळं पुन्हा समजावलं. पोटाला दोन नळ्या असतील, त्यातून लालसर पाणी येईल, घाबरायचं नाही. पोटावर पट्टा बांधतील. सरळ उभं राहायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी वाकून का होईना चालायचंच, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते आणि ती वर सरकली की जिवावर बेततं. ताई मन लावून ऐकत होत्या.

एवढ्यात मंडळाच्या मालतीबाई आल्या. मनानं चांगली बाई, पण पोच म्हणून नाही. येताना खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या आणि खाटेवरच ताईंची ओटी भरायला लागल्या. ताईंनी सवयीनं पदर पुढे केला, नारळ ओटीत पडला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

"ओटी निघताना भरतात ना हो? मी कुठं निघालेय?"

मालतीबाई म्हणाल्या, "अहो, तसं नव्हे. पुढं वेळ मिळेल न मिळेल."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. परत आले तर ताई नारळ पोटाशी धरून रडत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "रविवारचा वर्ग तू घे. पोरांचा एकोणीसचा पाढा राहिलाय."

* * *

सकाळी टेबलावर ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला सुई टोचता येईना. मी म्हटलं, "आकडे मोजा बघू."

"आकडे काय मोजायचे? पाढा म्हणते. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर. एकोणीस पंचे..."

मनगटावरचा हात सुटला.

ऑपरेशन छान झालं. मध्ये लोडशेडिंग झालं तेव्हा सिस्टरनं बॅटरी धरली. मी श्वासाची पिशवी हातानंच दाबत होते, त्यामुळे माझं काही अडलं नाही. भादुडींनी शेवटचा टाका घातला, पट्टा बांधला. मी औषध बंद केलं, घशातली नळी काढली. श्वास चांगला होता, नाडी चांगली होती. पण ताई काही जाग्या होईनात.

हाका मारल्या. गालावर थापट्या मारल्या. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. भादुडी हातमोजे काढून शेजारी येऊन उभे राहिले. दाराच्या काचेतून नाना दिसत होते. मी उशाशी बसून "कुसुमताई, कुसुमताई" करत होते, आणि मला एकदम त्यांची बराकपूरची आई आठवली. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

तेवढ्यात ओठ हलले.

"पंच्याण्णव."

भादुडी खाली वाकले. "काय म्हणतायत या?"

ताईंनी एक डोळा किलकिला करून मला शोधलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "पुढचं तू म्हण."

आणि खरं सांगते, मला एकोणीस सक किती ते आठवेना.