भरतीआधी उपसलेली विहीर

आषाढ लागला की कोंडीरामला बूड टेकवता येत नसे. सत्तरीला टेकलेला माणूस, पण दिवसातून दहादा जिना उतरणार, गटाराच्या जाळीत डोकावणार, वर येऊन पंचांग उघडणार. बायको रखमा वैतागायची, "पायाला भिंगरी बांधलीय का तुमच्या?"

परळच्या त्या चाळीत बाकीचे म्हातारे सांगत, मी साच्यावर होतो, मी बॉयलरवर होतो. हा सांगे, मी तळ्यावर होतो. लोक हसत. हसू देत. चाळीसमोरच्या गिरणीच्या आवारात इंजिनासाठी मोठं तळं होतं आणि त्याचं पाणी नाल्यात सोडायची फळी कोंडीरामच्या हातात होती. वरळीच्या एका कोळ्याने त्याला शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. भरतीला समुद्र शहराचं पाणी घेत नाही, नाल्यातून मागे लोटतो. म्हणून हा पठ्ठ्या ओहोटीलाच तळं पुरुषभर रिकामं करून ठेवी. मग पाऊस कितीही कोसळो, गल्लीचं पाणी तळ्यात. साहेबाला त्याचा पत्ता नव्हता, चाळीलाही नव्हता.

मग संप झाला. दीड वर्ष घरात पगार नाही. पुढे गिरणीची जमीन विकली गेली, तळं बुजवायला माणसं हवी होती आणि कोंडीरामला कामाची गरज होती. ज्या हातांनी फळी उचलली त्याच हातांनी त्याने डबराच्या पाट्या ओतल्या. ही गोष्ट त्याने रखमाशिवाय कुणाला सांगितली नाही. त्यानंतरच चाळीच्या चौकात पाणी साचू लागलं आणि पाऊसही पूर्वीसारखा दमादमाने पडेनासा झाला, तासाभरात महिन्याचा कोसळू लागला.

तळमजल्यावर राधाबाई राहायची. पोरीच्या लग्नानंतर एकटी पडलेली बाई, हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून पोट भरायची. गेल्या दोन पावसाळ्यांत लोकांच्या साड्या भिजल्या आणि दोनदा ती रडली. कोंडीराम तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

तिच्या दाराशेजारी चाळीची जुनी विहीर होती, लाद्यांनी झाकलेली. कमिटीने ठरवलं, ती बुजवून स्कूटर लावायला जागा करायची. सोमवारी डबराची गाडी येणार होती.

"विहीर ठेवा रे," कोंडीराम सेक्रेटरी हेमचंद्रला म्हणाला. "मी पाणी अडवून दाखवतो."

"काका, पाणी दरवर्षी येतंच. विहीर काय करणार?"

"रविवारी आवस आहे. पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराला भरती. राधाबाईच्या घरात पाणी शिरलं, तर पहिली पाटी मीच ओतीन."

बोलला खरा. पाटी ओतण्याचा अनुभव त्याला होता.

रविवारी पहाटे, ओहोटीला, त्याने लाद्या सरकवून विहिरीत पंप सोडला. "पावसाळ्यात विहीर उपसतोय, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं!" वरून कुणीतरी ओरडलं. त्याने लक्ष दिलं नाही. फाटकाशी वाळूच्या गोणी रचल्या, छपराचे पन्हाळे पाइप जोडून विहिरीत वळवले, चौकातून विहिरीपर्यंत चर खणला. सतत आत डोकावत राहिला. झरे लागले होते; पंप लवकर थांबवला असता तर विहीर पुन्हा भरून सगळं फुकट गेलं असतं.

अकराला आभाळ फाटलं. बाहेर रस्त्यावर गुडघाभर पाणी चढलं. आत छपराचं आणि चौकाचं पाणी धो धो विहिरीत पडत होतं. कोंडीराम कधी फाटकाशी, कधी काठाशी. विहीर काठाला लागली, पाणी राधाबाईच्या उंबऱ्याकडे चढलं आणि एक वीट खाली थांबलं. पाऊस ओसरला. हेमचंद्रने गॅलरीतूनच फोन लावून सोमवारची डबराची गाडी नको म्हणून सांगितलं.

राधाबाई दारात आली. साड्या कोरड्या होत्या. तिने हात जोडले तसं कोंडीरामला राहवेना.

"नको गं, हात जोडू नकोस. तळं मीच बुजवलं होतं. या हातांनी."

"ठाऊक आहे मला," राधाबाई म्हणाली. "ह्याच दारातून रोज बघायची तुम्हाला पाट्या वाहताना. संध्याकाळी रखमा त्याच मजुरीतला वाटीभर भात आणून द्यायची. त्याच भातावर माझी पोर वाढली."

कोंडीराम काठावरच बसला. आषाढात पहिल्यांदाच बसला.

"बसताय काय?" ती म्हणाली. "ओहोटी लागली की उपसायची ना परत? मला दाखवा पंप कसा लावायचा."