नऊ पिना, पंचवीस पिना

ताई श्रावणात गेली. तिचा मोबाइल मी रोज चार्ज करून ठेवत होते. कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दिवाळी संपून लाभपाचमेनंतर कारखाने उघडले आणि एका सकाळी बडोद्याजवळच्या पादरा गावाहून त्यावर फोन आला.

पलीकडे एक कारखानदार होते, पंपाचे भाग बनवणारे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या जुन्या लेथची, म्हणजे धातू कापायच्या मशीनची, आतली बॅटरी उतरली होती आणि मशीनच्या मेमरीतले सगळे प्रोग्रॅम पुसले गेले होते. त्यांच्या नकला ताईच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा येऊन जा, म्हणाले. मी म्हटलं, उद्या येते. ताईशीच बोलतोय असं त्यांना वाटलं असावं. आम्हा बहिणींचे आवाज फोनवर सारखे वाटायचे.

आम्ही दोघीच एकत्र राहत होतो. मी शाळेत मराठी शिकवलं, ताई इंजिनिअर होती. नोकरी संपल्यावर तिनं जुन्या मशीनवाल्यांची कामं धरली. बडोद्याच्या आसपास अशी मशीनं अजून पुष्कळ चालतात. त्यांना प्रोग्रॅम द्यायचा तर सिरियल पोर्टमधूनच द्यावा लागतो, आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. म्हणून तिनं एक जुना कॉम्प्युटर जपला होता. त्याच्या मागे नऊ पिनांचं पोर्ट, मशीनला पंचवीस छिद्रांचं. मधली केबल ती घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डर करायची. मी चिमट्यानं तार धरायची. हात हलला की ती ओरडायची.

ती मला समजावून सांगायची. नऊच्या पोर्टात दोन नंबरची पिन ऐकते आणि तीन नंबरची बोलते. पंचवीसच्या पोर्टात बरोबर उलटं. म्हणून दोनाला दोन जोडायची, तिनाला तीन, आणि अर्थिंगची तार पाचातून सातात न्यायची. "स्टँडर्ड सगळ्यांचं एकच आहे गं," ती म्हणायची, "पण प्रत्येक कंपनीनं त्यात आपलं काहीतरी घुसडलंय." मी निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर सगळीकडे जायची. टॉर्च धरायला, आणि घरी एकटीला कंटाळा यायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि रिक्षा करून पादऱ्याला गेले. कारखानदार दारात आले. माझ्या हातातली केबलची पिशवी त्यांनी घेतली आणि माझ्या मागे रिक्षात ताई दिसते का ते पाहिलं.

"मोटा बेन?"

"ए तो श्रावणमां गया," मी म्हटलं.

"क्यां गया?"

गावाला, मुंबईला, असं काही उत्तर त्यांना अपेक्षित होतं. मी पुन्हा सांगितलं, "गुजरी गया." तोवर हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं होतं की तोंडाला त्याची सवय झाली होती. ते आत गेले आणि त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. एकदम शांत झालं. मला पाणी दिलं. आज राहू द्या बेन, पुन्हा कधीतरी बघू, असं म्हणाले. मी म्हटलं, आलेच आहे तर लावून बघते.

त्यांनीही आधी खटपट केली होती. बाजारातून आणलेला ॲडॉप्टर लॅपटॉपला लावून पाहिला होता. मशीननं काहीच घेतलं नाही, नुसता अलार्म देत राहिलं. मी ताईचा कॉम्प्युटर जोडला, स्क्रू घट्ट केले, प्रोग्रॅम पाठवला. तोच अलार्म आला. केबलचं झाकण उघडून एकेक तार हलवून पाहिली. सगळ्या पक्क्या होत्या. तिचे सोल्डरचे थेंब गोल आणि चकचकीत. मी ते बघितले आणि झाकण लावलं.

मग सुचलं की बॅटरी उतरली तेव्हा नुसते प्रोग्रॅम गेले नसतील, मशीनच्या सेटिंगही गेल्या असतील. सेटिंगचं पान उघडलं. कॉम्प्युटर नऊ हजार सहाशेच्या वेगानं पाठवत होता, मशीन चार हजार आठशेनं ऐकत होतं. मी आकडा बदलला. पुन्हा पाठवलं. हिरव्या पडद्यावर ओळी एकामागून एक वर सरकायला लागल्या. ताई अशा वेळी माझ्या पाठीत गुद्दा घालायची. मी खुर्चीवर बसून ओळी संपेपर्यंत पाहत राहिले.

कारखानदारांनी पहिला भाग स्वतः कापला, कॅलिपरनं मोजला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता. मग ते तोंड फिरवून उभे राहिले. मशीन पुसायच्या सुती धाग्यांच्या गुंत्यानंच त्यांनी डोळे पुसले आणि तेलाचा काळा पट्टा गालावर आला. तो तसाच ठेवून ते माझ्याशी बोलत राहिले. ताई त्यांच्या सुनेला नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करत होती, असं त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. ते रडत होते, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की लोखंडाचा हा तुकडा कुठे ठेवावा.

"हवे कोण आवशे, बेन?"

"मीच येईन," मी म्हटलं. "पण मला एवढंच येतं."

एवढंच लागतं, असं ते म्हणाले.

घरी येऊन कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. हात धुतले, वरणभात केला, जेवले. 

त्यानंतर आणखी फोन आले. धाकटी बहीण आहे, ती येते, असं पादऱ्याच्या कारखानदारांनी पुढे सांगितलं असावं. मी जाते. बहुतेक वेळा जमतं, एकदा नाही जमलं. नातेवाईक विचारतात, सावरलीस का? मी हो म्हणते, कारण नाही म्हणण्यासारखंही काही सापडत नाही.

परवा मांडवीच्या बाजारात सोल्डरची तार घ्यायला गेले होते. दुकानदारानं जाड की बारीक, असं विचारलं. मला ठरवता येईना. मागे लोक खोळंबले होते. दोन्ही द्या म्हटलं, आणि चालत घरी आले.