अळंबीचा पहिला घास

आमच्या ओवे गावात रानातली अळंबी शिजली की एक नियम असे. जो आणेल त्यानं पहिला घास खायचा. ती विषारी तर नाही ना, म्हणून बाकीचे ताटावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. माझे वडील हसत हसत खात.

म्हणूनच सून तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत अळंबीचंच काम करते हे कळलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. अळंबीतलं एक प्रथिन घ्यायचं, त्याची घडण थोडी बदलायची, ते यीस्टकडून तयार करून घ्यायचं आणि त्यानं माणसाची प्रतिकारशक्ती भडकते की शांत होते, ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर बघायचं. माणसांना द्यायला अजून कितीतरी वर्षं लागतील, असं ती म्हणे. मला काही ते पटेना. देवानं घडवलं त्यात ही कोण ढवळाढवळ करणार? घरात हा विषय काढायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं.

माझ्या बायकोची प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांवर उठली आहे. बोटं सुजतात. त्या शक्तीला आवर घालायच्या गोळ्या चालू आहेत. एका सकाळी मला तांदळाच्या डब्यामागे एक पुडा सापडला, वर अळंबीचं चित्र, अर्धा संपलेला. बायको रोज दुधात काहीतरी ढवळते हे मी पाहिलं होतं. माझं डोकंच फिरलं. ही पोर सासूवर प्रयोग करतेय!

मी चमचाभर पूड वाटीत काढून सुनेपुढे ठेवली. "तू आणलीस ना? मग आधी तू खा."

तिनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, तुम्हाला खरंच असं वाटतं?" आणि तिनं चमचा उचलला.

बायको ओट्यापासून धावत आली, तिचा हात धरला. "नको गो! पुडा मी आनलाय, बाजारातून."

सून पुडा वाचू लागली. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं ठळक छापलं होतं. "आई, तुमच्या गोळ्या तीच कमी करायला आहेत," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."

"मला वाटला, तुज्याच कामातला आसंल. पन इचारनार कशी? यांनी घरात बोलायची बंदी केलेली हाय ना."

सून तिला लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेली, पुड्यासकट. सोबत जायला मला तोंड नव्हतं. मी स्वयंपाकघरात एकटाच बसलो, वाटी तशीच समोर होती. पुडा बायकोनं आणला खरा, पण तिच्यावर ती वेळ मी आणली होती. वडील असते तर त्यांनी ती वाटी माझ्याकडे सरकवली असती.