मंजुळाताईंची तीन कामांची फेरी

मोहने गावातल्या त्या चाळीत मंजुळाताईंचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. पंधरा वर्षं आशाताईचं काम केलेलं. हत्तीरोगाची गोळी त्या हातात ठेवून जात नसत, समोर गिळायला लावत आणि वर जीभ उचलून दाखवायला सांगत. संध्याकाळचा झिंगलेला गडीसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट आ करायचा. त्यांचा एक नियम चाळीतल्या बायकांना तोंडपाठ होता, पोटुशी बाईला गोळी नाही. पंधरा वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. माणसानं असं बोलू नये.

पूर्वी हत्तीरोगवाले वेगळे यायचे, हिवतापवाले वेगळे, कुष्ठरोगाचे चट्टे बघणारे आणखी वेगळे. एकाच दारावर तीनदा कडी वाजायची आणि लोक वैतागायचे. यंदा तिन्ही कामं एकाच फेरीत करायचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. केंद्रावरच्या डॉक्टर आसावरींनी बजावलेलं, "गोळी ज्याला नाही, त्यालाही ताप विचारायचा. घरातलं एकही माणूस सोडायचं नाही." मंजुळाताईंनी मान डोलावली. पण डोकं नवं काम ऐकतं आणि पाय जुन्याच वाटेनं जातात.

सोमवारी त्या सगुणाच्या घरी गेल्या. सगुणा त्यांची शेजारीण, वीस वर्षांची सोबत. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, देवरामनं, गोळ्या गिळल्या, पाठ दाखवली, ताप नाही म्हणून सांगितलं. कळव्याला दिलेली लेक वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. एवढ्या उकाड्यात ती कोपऱ्यात गोधडी घेऊन पडली होती.

"मावशी," ती उठू लागली.

"तू पड गं. तुला गोळी नाही," मंजुळाताई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

शुक्रवारी केंद्रावर बसून त्या फेरीचा तक्ता भरत होत्या. सगुणाच्या घरात माणसं तीन, ताप विचारला दोघांना. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. मग एवढ्या उकाड्यातली ती गोधडी डोळ्यांपुढे आली. तक्ता तसाच टाकून, तपासणीचं किट घेऊन त्या निघाल्या. स्वतःचा एवढा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

वैशालीचे डोळे पिवळे पडले होते. हाक मारली की ती बघायची, पण ओळखत नव्हती. मंजुळाताईंनी तिच्या बोटातला थेंब किटवर टाकला. एक रेघ आली तर हिवताप नाही, दोन आल्या तर आहे. त्यांनी घड्याळ लावलं, पण पुरता वेळ व्हायच्या आतच दुसरी रेघ ठळक दिसू लागली.

"ताप कधीपासून?"

"गेल्या शनिवारपासून. हुडहुडी भरते, घाम येतो, उतरतो, परत चढतो," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि मंजुळाताईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

देवरामनं रिक्षा आणली. वैशालीचं डोकं आईच्या मांडीवर, पाय मंजुळाताईंच्या मांडीवर. मंजुळाताईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि बाळ हलायची वाट पाहू लागल्या. शहाडचा पूल आला, मागं गेला. हाताखाली काही हललं नाही.

"सगुणा, सोमवारी मला सांगायचं नाहीस का? मी तुझ्या दारात उभी होते ना गं."

"तुला काय सांगायचं? तू बघितलंस की तिला, पड म्हणालीस. मला वाटलं, पोटुशीला होतं तसलंच काही असेल." सगुणानं लेकीच्या कपाळावरचे केस सारखे केले. "जावई बुधवारी आलेले. कळव्याच्या डॉक्टरला विचारून हिवतापाच्या गोळ्या आणलेल्या. पण मी एक पण घेऊ दिली नाही, मंजुळा. म्हटलं, आमच्या मंजुळानं सांगितलंय, पोटुशीला गोळी नाही."